खुर्द्याची मोजदाद

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाकडून पाहुणे आले की कुतुबमिनार, ताजमहाल झाल्यावर कुणीतरी हळूच विचारतो, ‘पानिपत किती लांब आहे हो इथून?’ लांब नाही. पहाटे निघाले तर सोनीपत मागे टाकून दोनेक तासांत पोचता येते. मग शहरापासून थोडे बाजूला काला अंब. मी तिथे इतक्या पाहुण्यांना घेऊन गेलो आहे की आता मला तिथला माळी ओळखतो. आणि प्रत्येक पाहुणा, मग तो इतिहासाचा प्राध्यापक असो की शेजारच्या काकूंचा भाऊ, आत शिरल्यावर पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘आंबा कुठंय?’

आंबा नाही. विटांचा एक उंच खांब आहे, त्याला लोखंडी दांडा आहे, भोवती लोखंडी कुंपण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात जे झाले त्याची ती खूण. इथे म्हणे एक आंब्याचे झाड होते, त्याच्याजवळ उभे राहून सदाशिवरावभाऊंनी लढाई चालवली. जमिनीत इतके रक्त मुरले की झाड काळे पडले. कुणी सांगतो पाने काळी झाली, कुणी सांगतो फळ कापले की रस काळसर निघे. पुढे झाड वाळले. त्याच्या लाकडाची दारे करण्यात आली आणि ती पानिपतच्या संग्रहालयात आहेत असे सांगतात. म्हणजे आंब्याचे नाव उरले, लाकूड उरले, दंतकथा उरली.

गेल्या जानेवारीत माझी भाची आली होती. ती कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकते, आणि पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीतल्या एका पठारावर गुडघ्यांवर बसून रोपे मोजते. हे तिचे काम. धुके दाट होते, कुंपणापलीकडचा खांब अर्धाच दिसत होता. मी नेहमीची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘मामा, आंबा काळा पडायला लढाई लागत नाही. तुडतुडे पडले की पानांवर चिकटा साचतो आणि त्यावर काळी बुरशी येते. कोकणात कुठल्याही बागेत बघ.’ मला जरा राग आला. पानिपतावर उभे राहून तुडतुड्यांची गोष्ट काय काढायची! पण ती चेष्टा करत नव्हती. तिने थोड्या वेळाने विचारले, ‘झाड जिवंत होतं तेव्हा त्याची कुणी काळजी घेतली असेल का रे? की सुकल्यावरच?’

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो, आणि अजून त्याच्याशी झटतो आहे.

रक्तातून उगवलेल्या वनस्पती जगात आणखीही आहेत. सर्बियन लोकांचे पानिपत म्हणजे कोसोव्हो, १३८९. त्या मैदानावर उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुले येतात, त्यांना ते बोझुर म्हणतात. पिओनीच्या कुळातले फूल. पडलेल्या वीरांच्या रक्तातून ते उगवले अशी तिथली समजूत. आपल्याकडे रक्ताने झाड काळे पडले, त्यांच्याकडे फूल लाल झाले. त्यांचे नशीब इतके बरे, की त्यांचे फूल दरवर्षी पुन्हा येते. त्याच कुळातली दुसरी एक जात, बारीक चिरलेल्या पानांची, सर्बिया, रुमानिया, बल्गेरियापासून युक्रेन-रशियाच्या गवताळ मैदानांपर्यंत आणि कॉकेशसपर्यंत आढळते. पिओनिया टेन्युइफोलिया हे तिचे शास्त्रीय नाव. तिच्या वाट्याला कुठलीही मोठी लढाई आली नाही, नांगर मात्र आला. जगातली अतिशय सुपीक अशी काळी माती त्या गवताखाली होती. ती नांगरली गेली, आणि फूल उतारांवर, बांधांवर, ओढ्यांच्या काठांवर जिथे औत पोचत नव्हते तिथे मागे राहिले.

भाचीने मला या पिओनीबद्दल एक गोष्ट सांगितली जी मी विसरू शकत नाही. या कुळातल्या फुलाचे बी रुजायला घाई करत नाही. आधी मूळ धरते, मग एक हिवाळा जातो, तेव्हा कुठे कोंब वर येतो. त्यानंतर पहिले फूल यायला आणखी कित्येक वर्षे. पण एकदा झाड मोठे झाले की जमिनीखालच्या जाड मुळांच्या जोरावर ते दशकानुदशके दरवर्षी फुलत राहते. आता समजा, एखाद्या माळावर शंभर झाडे दरवर्षी डवरून फुलतात. माणसे येतात, फोटो काढतात, ‘छान आहे, सुरक्षित आहे’ म्हणून जातात. आणि त्या माळावर गेली वीस वर्षे एकही नवे रोप उगवलेले नाही. फुलतात ती सगळी म्हातारी झाडे. तो माळ तांबडाभडक दिसतो आणि तो संपलेला असतो.

‘म्हणून फुलं मोजून चालत नाही,’ ती म्हणाली. ‘पोरं मोजावी लागतात. आणि पोरं दिसत नाहीत. गवताच्या पात्याएवढी असतात.’

तिचे स्वतःचे काम पिओनीवर नाही. पिओनी आपल्या पठारांवर येत नाही. तिचे काम कंदीलपुष्पांवर आहे. शास्त्रात त्याला सेरोपेजिया म्हणतात, गावात खर्चुडी, काही जातींना हामण. सह्याद्रीच्या पठारांवर आणि कड्यांवर याच्या अनेक जाती आहेत, त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एखाद्या जातीचे सगळे अस्तित्व दोन-तीन डोंगरांपुरते. फूल खरोखर कंदिलासारखे: खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून तयार झालेली छोटी छत्री. लहान माशी वासाला भुलून आत उतरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे तिला परत चढता येत नाही. ती आत कोंडून राहते, अंगाला परागांच्या पुड्या चिकटवून घेते. मग केस सुकतात, फूल कलते, आणि माशी सुटते. सुटल्यावर शहाणी होत नाही, दुसऱ्या कंदिलात शिरते. तिच्या या वेडेपणावर सगळी जात जगते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव सरांनी या वनस्पतींच्या अभ्यासासाठी आणि त्या रोपे करून पुन्हा डोंगरावर नेण्यासाठी फार मोठे काम उभे केले. भाचीची पिढी त्या कामाच्या सावलीत वाढलेली आहे.

मी तिच्याबरोबर एकदा गेलो आहे. कुठे ते सांगत नाही. त्याचे कारण पुढे येईल. पाऊस उघडीप देऊन परत येत होता. पठारावर जांभा दगड, त्यावर पायाच्या घोट्याएवढे गवत, मध्ये गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांचा निळा पट्टा. मला वाटले होते दुर्मीळ फूल म्हणजे काहीतरी वेगळे, लांबून चमकणारे दिसेल. तिने बोट दाखवले तेव्हाही मला दिसेना. मग दिसले: गवताच्या दोन पात्यांमध्ये तिसरे पाते, आणि त्याला हिरवट-तांबूस असा करंगळीएवढा कंदील. तिथे दगडाला खूण केलेले चौकोन होते. ती प्रत्येक चौकोनापाशी उकिडवी बसे, बोटांनी गवत बाजूला सारी, आणि वहीत तीन रकाने भरी: फुललेली, न फुललेली मोठी, आणि नवी. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागे. दुपारपर्यंत आम्ही पठाराचा एक कोपरा सोडून पुढे सरकलो नव्हतो. मी विचारले, ‘हे असं किती वर्षं?’ ती म्हणाली, ‘माझ्या आधीच्याने केलं, माझ्यानंतरचा करेल.’

कंटाळवाणे काम आहे. हे मी तिला बोललो नाही, इथे लिहितो.

पानिपतच्या बातमीबद्दल आपण शाळेत ऐकलेले असते. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना ती सावकारी पत्राच्या आडभाषेत कळली. मोती गळाले, म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा हरवल्या, म्हणजे सरदार. आणि रुप्या-तांब्याचा खुर्दा किती गेला त्याचा हिशेब लागत नाही. लहानपणी मला या निरोपातली हुशारी आवडायची. आता त्यातला खुर्दा टोचतो. शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका, पोरे, बैल, घोडे. पत्र लिहिणाऱ्याला दोष देत नाही. गुप्तपणे आणि घाईत लिहायचे तर मोत्यांपासूनच सुरुवात होणार. पण मोजण्याची ही रीत त्या पत्राबरोबर संपली नाही. जे मौल्यवान ते नावानिशी, जे पुष्कळ ते ढिगाने.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा घ्या. प्रारंभी त्याचा सगळा भर प्राण्यांवर होता. १९९१ साली दुरुस्ती झाली आणि वनस्पतींसाठी वेगळी अनुसूची आली. त्या अनुसूचीत किती वनस्पती होत्या? सहा. हजारो सपुष्प जाती असलेल्या या देशात सहा मोहरा. बाकीचा खुर्दा. २०२२च्या दुरुस्तीने यादी वाढवली, हे चांगले झाले. तरी यादीचा स्वभाव यादीचाच राहतो: ती जातीचे नाव घेते, जागेचे घेत नाही.

आणि खरी अडचण तिथेच आहे. कंदीलपुष्प गवतात राहते. माशी गवतात राहते. माशीच्या अळ्या जे कुजलेले खातात ते गवतातच असते. आता या गवताला आपण काय म्हणतो? सरकारी कागदावर पडीक. इंग्रजांच्या महसुली डोळ्याला ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली दिसे. तो डोळा आपण तसाच ठेवला. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढते, त्यात झुडपी माळ आणि चराऊ कुरणे यांचे वर्ग आहेत. पडीक म्हटले की काहीतरी करावेसे वाटते. खाण काढा, पवनचक्क्या लावा, निदान झाडे तरी लावा. झाडे लावण्यासारखे निर्विवाद पुण्य दुसरे नाही, म्हणून माळरानाचे नुकसान वाईट माणसांइतकेच चांगल्या माणसांच्या हातूनही होते. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले. माळढोकाला उघडा माळ लागतो, लांबवर दिसले पाहिजे. त्या भागात गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. पक्षी मोती होता, माळ खुर्दा होता. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी असते.

याच्या उलट बाजूची गोष्ट कासची. साताऱ्याजवळचे हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात गेले, आणि सप्टेंबरच्या रविवारी तिथे माणसांचा पूर येऊ लागला. फुलांवर बसून फोटो, फुलांवर गाड्या. मग कुंपण घातले गेले. मी कुंपणाच्या बाजूचाच होतो. दिल्लीच्या माणसाला कुंपणाचे वावडे नसते. पण कुंपणाने पर्यटकांबरोबर गुरेही थांबवली. कित्येक पिढ्या गुरे तिथे चरत होती, त्यांच्या तोंडाने उंच गवत कापले जाई आणि बुटक्या रोपांना ऊन मिळे. गुरे थांबली की गवत माजते आणि छोटी फुले त्याखाली गुदमरतात, असे सांगणारे अभ्यासक आणि गावकरी पुढे आले, आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. यातून कुंपण वाईट असा निष्कर्ष मी काढणार नाही. सप्टेंबरच्या रविवारी तिथे जाऊन पाहा म्हणजे कळेल. मला एवढेच दिसले की फूल वाचवायचे ठरवणारे आपण सगळे, त्या फुलाच्या वर्षभराच्या संसारात कोण कोण आहे हे न विचारता दार लावून मोकळे झालो होतो.

भाचीच्या पठारावर आम्हाला एक म्हातारे धनगर भेटले. मेंढ्या खाली ओढ्याकडे होत्या, हे वर इरलं पांघरून बसलेले. तिच्या वहीकडे पाहून हसले. ‘खर्चुडी मोजतीस व्हय? आम्ही बारकं असताना उकरून खायचो. कंद गोड लागतो, काकडीगत.’ मी भाचीकडे पाहिले. माझ्या डोळ्यांसमोर जगातून नाहीशी होणारी जात आणि ती चावून खाणारी पोरे उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, ‘आजोबा, सगळे कंद खायचात का?’ म्हातारे म्हणाले, ‘सगळं खाल्लं तर फुडल्या साली काय खायाचं? आणि बारका कंद कोण उकरतंय, त्यात असतंय काय!’ नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिच्या वहीत नव्हती: खालच्या बाजूला, जिथे आता रस्त्यासाठी मुरूम काढला आहे, तिथे ही पुष्कळ होती. तिने ते लिहून घेतले. चौथा रकाना आखून.

मला इथे थांबून एका आक्षेपाचे उत्तर द्यायचे आहे, कारण तो माझ्या घरातलाच आहे. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ‘माणसांची नीट मोजदाद नाही या देशात, आणि तुम्ही गवतातली फुलं मोजता.’ करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीच्या स्मशानांबाहेर रांगा पाहिलेला माणूस हे बोलतो तेव्हा त्याला हसून टाळता येत नाही. मी बराच काळ त्याला असे सांगत आलो की दोन्ही गोष्टी एकाच सवयीच्या आहेत. ज्याला गवतातले रोप दिसते त्याला रांगेतला माणूसही दिसेल. आता मला हे तितकेसे खरे वाटत नाही. फुलांवर जीव टाकणारी आणि घरकामाच्या बाईचे आडनाव ठाऊक नसणारी माणसे मी पाहिली आहेत. त्याहून वाईट म्हणजे, निसर्ग वाचवण्याच्या नावाने ज्यांना जंगलातून, कुरणातून उठवले गेले त्यांची संख्या कुठल्या वहीत नीट लिहिली गेली? रोप खुर्द्यातून मोत्यात गेले आणि त्याच दिवशी धनगर खुर्द्यात गेला, तर मोजणीने काय साधले? भावाला द्यायला माझ्याकडे एवढेच उत्तर उरते की मोजणारा कोण आहे आणि तो कुणाला विचारून मोजतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. चौथा रकाना आखणारी मुलगी आणि नुसते कुंपण घालणारी समिती, दोघेही ‘संरक्षण’ हाच शब्द वापरतात.

आता जागेचे नाव न सांगण्याबद्दल. दुर्मीळ वनस्पतीचा नेमका पत्ता छापला की तिथे दोन प्रकारची माणसे पोचतात. एक हौशी, कॅमेरा घेऊन. ती एका फुलाचा फोटो काढताना भोवतीची पाच रोपे पायाखाली घालते. दुसरा संग्राहक, तो कंदच नेतो. म्हणून अभ्यासक आता अक्षांश-रेखांश मोघम देतात किंवा देतच नाहीत. भाचीने मला बजावले होते, ‘लिही खुशाल, पण पठाराचं नाव नको, गावाचंही नको. वाटेवरच्या देवळाचंसुद्धा नको, लोक देवळावरून शोधतात.’ मी कबूल केले. पण हे मला सहज पटलेले नाही. ज्या गावाच्या हद्दीत ते फूल आहे त्या गावालाच त्याचा पत्ता नसेल तर उद्या मुरूम काढायला कुणी आले की कोण आडवे येणार? गुपित राखले तर चोरापासून वाचते, गुपित राखले तर वाचवणाराही मिळत नाही. तिने यावर तोडगा काढला आहे तो असा: गावात सांगायचे, छापायचे नाही. ग्रामपंचायतीत तिने फोटो लावला आहे, शाळेतल्या मुलांना चौकोन दाखवले आहेत. पुण्या-मुंबईच्या आणि दिल्लीच्या वाचकाला मात्र नाव नाही. तुम्हाला हा अविश्वास वाटला तर वाटू दे. मलाही वाटला होता.

शेवटी शून्याबद्दल. आम्ही गेलो त्या दिवशी एका चौकोनात काहीच नव्हते. तीनही रकान्यांत शून्य. मी म्हणालो, ‘गेलं म्हणायचं.’ ती म्हणाली, ‘माहीत नाही.’ कंदीलपुष्पाचा वरचा भाग दरवर्षी सुकतो, कंद जमिनीत राहतो, आणि एखाद्या वर्षी पाऊस मनासारखा नसला तर कंद वर यायचेच नाकारू शकतो. तो मेला की झोपला हे वरून कळत नाही. खणून पाहिले तर कळेल, पण खणले की तो खरोखरच गेला. म्हणून शून्य लिहायचे आणि पुढच्या वर्षी परत यायचे. त्याच्याही पुढच्या.

त्या वेळी मला पार्वतीबाई आठवल्या. भाऊंच्या मृत्यूबद्दल लोकांची खात्री पटत नव्हती, आणि पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य पत्करले नाही असे परंपरा सांगते. शाळेत आम्हाला हे करुण म्हणून शिकवले, थोडेसे वेडेपण म्हणूनही. आता वाटते, त्यांनी शून्य आणि मृत्यू यांत फरक केला. पण त्याच आशेचा फायदा घेऊन तोतया उभा राहिला, भाऊ म्हणून मिरवला, लोक जमवले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. मी हे भाचीला सांगितले तर ती म्हणाली, ‘आमच्याकडेही तोतये असतात.’ फूल नसताना खर्चुडीच्या दोन जातींची पाने इतकी सारखी दिसतात की पुष्कळ सापडणारी जात पाहून माणूस दुर्मीळ जात परत आली असे लिहून मोकळा होतो. आशा बाळगायची, पण फूल पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही, असा तिचा नियम आहे. तो नियम पाळायला सहा-सात पावसाळे काढावे लागतात.

काला अंबच्या त्या जानेवारीत, परतताना, आम्ही फाटकाजवळ चहा प्यायलो. संक्रांतीच्या दिवशी तिथे माणसे जमतात; महाराष्ट्रातून येतात, आणि हरियाणातला रोड समाजही येतो. त्यांच्यातले अनेक जण स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. बलुचिस्तानात नेलेल्या कैद्यांच्या वंशजांबद्दलही असेच सांगितले जाते. आधी मी अशा दाव्यांकडे इतिहासाच्या शिस्तीने, जरा नाक वर करून पाहायचो. पुरावा कुठे आहे? त्या दिवशी शेजारच्या बाकावर बसलेल्या एका हरियाणवी म्हाताऱ्याने भाचीला तिळाची रेवडी दिली आणि ‘बेटी, हम भी उधर के ही हैं’ म्हणाला, तेव्हा मी काही बोललो नाही. खुर्दा कुठे कुठे रुजला याची नोंद कुणी ठेवली नव्हती, हे काही त्याच्या खोटेपणाचे लक्षण नाही.

मधल्या काळात युद्ध पिओनीच्या गवतापर्यंतही पोचले. २०२२ पासून युक्रेनच्या कित्येक गवताळ भागांत सुरुंग पेरलेले आहेत. तिथले चौकोन कुणी मोजत असेल की नाही, हे मला कोण सांगणार. फुले येत असतील. मोजायला पाय ठेवता येत नसेल.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. त्या शून्याच्या चौकोनाला या पावसाळ्यात तिसरे वर्ष. ती म्हणाली, तिच्याबरोबर काम करणारा मुलगा नोकरीला लागला, वही धरायला माणूस हवा आहे. ‘मामा, गुडघे दुखतात म्हणून सांगू नकोस, वही उभं राहूनही धरता येते.’ मी निजामुद्दीनहून कोल्हापूरच्या गाडीचे तिकीट काढले आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचे. बायकोने विचारले, तिथे नक्की काय आहे म्हणून जाता? मी म्हणालो, असेल तर एक पाते.